मायक्रोवेव्हची बटणं चालेनात? बोर्ड बदलायच्या आधी कुठली बटणं गेलीत ते कागदावर लिहा

मायक्रोवेव्हचं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही की बहुतेक घरांत पुढचं सगळं ठरलेलं असतं, आधी जोरात दाबायचं, मग नखाने दाबायचं, मग प्लग काढून परत लावायचा, आणि शेवटी मेकॅनिकला फोन. तो येतो, दोन बटणं दाबून बघतो आणि सांगतो बोर्ड गेलाय, म्हणजे आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट. बोर्डाची किंमत ऐकली की मग घरात चर्चा सुरू होते की एवढे पैसे घालण्यापेक्षा नवीनच घेऊ. मला कळकळीने सांगायचंय ते हे की बोर्डाच्या आधी बटणांची ती पातळ प्लास्टिकची शीट खराब झालेली असण्याची शक्यता खूप जास्त असते, ती बोर्डापेक्षा कितीतरी स्वस्त असते, आणि दोष शीटचा आहे की दुसऱ्या कशाचा याचा बऱ्यापैकी अंदाज तुम्ही एकही स्क्रू न काढता घरबसल्या लावू शकता.

हे सगळं मायक्रोवेव्हबद्दल आहे, सोलो असो, ग्रिल असो की कन्व्हेक्शन. केक-नानकटाईवाला जो ओटीजी असतो त्याला बहुतेक वेळा फिरवायचे नॉब असतात, त्याला हे लागू नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो आणि ही मनावर घ्या. मायक्रोवेव्हचं बाहेरचं कव्हर घरी उघडायचं नाही. मिक्सर उघडतो, इस्त्री उघडतो, तसं हे नाही. आत येणारा २३० व्होल्टचा करंट आतला ट्रान्सफॉर्मर साधारण २००० व्होल्टपर्यंत नेतो, आणि पुढे कपॅसिटर, म्हणजे चार्ज साठवणारा भाग, आणि डायोड मिळून मॅग्नेट्रॉनला, म्हणजे अन्न तापवणाऱ्या लहरी तयार करणाऱ्या भागाला, ४००० व्होल्टच्या आसपास देतात. आणि तो कपॅसिटर प्लग काढल्यावरसुद्धा चार्ज धरून बसू शकतो. तो चार्ज हळूहळू उतरावा म्हणून त्याच्या आत बहुधा एक रेझिस्टर दिलेला असतो पण तो रेझिस्टर खराब झालेला असला तर बाहेरून बघून काहीच कळत नाही. घरात वापरल्या जाणाऱ्या वस्तूंमध्ये उघडायला सगळ्यात धोकादायक वस्तूंपैकी ही एक आहे. आणि अडचण अशी की बऱ्याच मॉडेलमध्ये बटणांचा पॅनल सोडवायचा तर आधी तेच कव्हर काढावं लागतं. म्हणून आपण बाहेरून जेवढं तपासता येतं तेवढं नीट तपासायचं, आणि आतलं काम माहितगार माणसाकडून करून घ्यायचं, पण तो काय करतोय आणि का करतोय हे आपल्याला कळलं पाहिजे.

आता ही शीट चालते कशी ते बघू, कारण हे एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं आहे. वरून जे छापील आकडे, पॉपकॉर्नचं चित्र, स्टार्ट-स्टॉप दिसतं त्याच्या खाली पातळ प्लास्टिकचे दोन थर असतात आणि दोन्हींवर चांदी मिसळलेल्या शाईने बारीक रेषा छापलेल्या असतात, काही शीटमध्ये त्यावर काळा कार्बनचा लेप असतो. या दोन थरांच्या मध्ये तिसरा एक थर, त्याला बटणाच्या जागी भोकं पाडलेली. तुम्ही बोट दाबलं की वरचा थर त्या भोकातून वाकून खालच्याला टेकतो, रेषेला रेष लागते, सर्किट पूर्ण होतं आणि टूं वाजतं. बोट उचललं की थर परत आपल्या जागी. बस एवढंच. त्या सगळ्या रेषा एकत्र येऊन शीटच्या कडेने एक पट्टी बाहेर निघते, तिला मेकॅनिक लोक टेल किंवा रिबन म्हणतात, आणि ती पट्टी बोर्डावरच्या कनेक्टरमध्ये खोचलेली असते.

खरी गंमत त्या रेषांच्या मांडणीत आहे. समजा शीटवर १६ बटणं आहेत, प्रत्येकाला स्वतंत्र दोन रेषा दिल्या तर ३२ रेषा होतील, एवढी रुंद पट्टी कोण देणार, म्हणून ४ आडव्या आणि ४ उभ्या रेषा घेतात आणि जिथे आडवी-उभी एकमेकांवरून जातात तिथे एक बटण, म्हणजे ८ रेषांत १६ बटणं भागली. मोठ्या सोसायटीत विंग आणि मजला सांगितला की फ्लॅट कळतो तसं, बोर्डवरची चिप सेकंदाला कितीतरी वेळा एकेक विंग तपासत असते आणि कुठल्या मजल्यावरून उत्तर येतंय ते बघत असते. आणि बी विंगच्या पाण्याच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद झाला की बी विंगमधले सगळेच नळ कोरडे पडतात, बाकी विंगना काही फरक पडत नाही. हे डोक्यात ठेवा.

म्हणून सांगतोय की कागद घ्या. पॅनलवर जशी बटणं आहेत तशी चौकटी काढा, एकेक बटण दाबा, वाजलं तर बरोबरची खूण, नाही वाजलं तर फुली, आणि एक दाबल्यावर दुसरंच काही उमटलं तर काय उमटलं ते लिहा. दोन मिनिटांचं काम आहे. आत एक कप पाणी ठेवून करा म्हणजे चुकून चालू झाला तरी रिकामा चालणार नाही.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे हेच केलं होतं. काकू सांगत होत्या, "अरे बाकी सगळं छान चालतंय, फक्त दोन मिनिटं लावताच येत नाहीत, मग मी एकेक मिनिट दोनदा लावते." मेकॅनिक येऊन बोर्ड सांगून गेला होता. कॅलेंडरच्या जुन्या पानामागे चौकटी काढल्या तर फुल्या आल्या २, ५, ८ आणि ० वर, एकाखाली एक, सरळ रांगेत. चार बटणं एकाच वेळी झिजून जात नाहीत, ती एका रेषेवरची असतात आणि रेष कुठेतरी तुटलेली असते. दुसऱ्या मेकॅनिकला तो कागदच दाखवला, त्याने सगळं सोडवून टेल बाहेर काढली आणि उजेडात धरली, तर कनेक्टरच्या जरा आधी जिथे पट्टी काटकोनात दुमडून आत जाते तिथे एक पांढरट वळी पडलेली होती आणि त्या वळीवर एका करड्या रेषेला केसाएवढी फट. बास, तेवढ्या फटीमुळे चार बटणं गेलेली. बोर्डाला काहीही झालेलं नव्हतं. नवीन शीट बसवली आणि काकूंचा ओव्हन अजून चालतोय.

एक लक्षात घ्या, पॅनलवर दिसणारी रांग आणि आतली रेष नेहमी एकच असते असं नाही, कंपनी आपल्या सोयीने रेषा फिरवते, त्यामुळे गेलेली बटणं इकडे तिकडे विखुरलेली असली तरी ती एका रेषेवरची असू शकतात. ढोबळ अंदाज असा धरा. एकच बटण गेलंय, आणि ते रोजचं वापरातलं आहे, म्हणजे स्टार्ट किंवा ते ३० सेकंदवालं, तर त्या जागेवरचा थर दाबून दाबून चिरलाय किंवा तिथला लेप झिजलाय, नखाने दाबायची सवय असेल तर हे लवकर होतं. तीन-चार बटणं एकदम गेली तर रेष तुटलीय किंवा टेल कनेक्टरमध्ये नीट बसलेली नाही. एक दाबलं की दुसरंच लागतं किंवा दोन लागतात, तर दोन रेषा आपसात चिकटल्यात, म्हणजे आत ओल आहे. आणि कोणी हात न लावता टूं टूं वाजत असेल तर एखादं बटण आतल्या आत दाबलेलं राहिलंय.

हे शेवटचं मात्र हलक्यात घेऊ नका. आपोआप बीप वाजणारा ओव्हन कधीतरी आपोआप सुरूही होऊ शकतो. भिंतीवरचा स्विच बंद करा, प्लग काढा आणि दुरुस्त होईपर्यंत तसाच राहू द्या, रात्री नुसतं घड्याळ दिसावं म्हणून चालू ठेवू नका.

आता सगळीच बटणं गेली असतील तर? इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. डिस्प्लेवर आकडेच नाहीत, पूर्ण अंधार, तर तो बटणांचा प्रश्न नाही, तो करंटचा आहे, सॉकेट बघा, दुसरं काहीतरी त्याच सॉकेटला लावून बघा, मग ओव्हनचा आतला फ्यूज वगैरे मेकॅनिक बघेल. पण घड्याळ दिसतंय आणि बटणं सगळी मुकी, तर पहिला संशय चाइल्ड लॉकचा. डिस्प्लेवर एल किंवा लॉक किंवा कुलपाचं किंवा किल्लीचं चित्र दिसतंय का बघा, पुसताना हात राहिला की हा लॉक लागतो आणि घरात कोणालाच माहीत नसतं. बऱ्याच मॉडेलमध्ये स्टॉप किंवा क्लिअरचं बटण ३ ते ५ सेकंद दाबून धरलं की सुटतो, काहींत दोन बटणं एकदम धरावी लागतात, पुस्तिकेत असतं, पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकला की मिळते.

लॉक नसेल तर प्लग काढून दहा मिनिटं थांबा, अर्ध्या मिनिटात परत लावू नका, बोर्डवरचे छोटे कपॅसिटर रिकामे व्हायला जरा वेळ लागतो. लाइट जाऊन येऊन करत असली, व्होल्टेज वरखाली होत असलं की चिप कधीकधी अडकून बसते आणि एवढ्यानेही ती सरळ होते. त्यानेही झालं नाही तर मग हे आठवा की एक बटण आत चिकटून राहिलं असेल तर चिपला वाटतं कोणीतरी सतत बोट धरून बसलंय, आणि ती बाकी कुठल्याच बटणाकडे लक्ष देत नाही. म्हणजे सगळा पॅनल मेलेला दिसतो पण दोष एकाच बटणाचा असतो. काही ओव्हन हे स्वतःच सांगतात, सॅमसंगच्या बऱ्याच मॉडेलवर अशा वेळी एसई असं येतं, ते एस आहे की पाच तेही पटकन कळत नाही, बाकी कंपन्यांचे आपापले कोड असतात.

अजून एक प्रकार वेगळा काढून सांगतो. आकडे सगळे चालतायत, टूं वाजतंय, वेळ लागतोय, आणि फक्त स्टार्ट दाबलं की काही होत नाही. इथे शीटच्या आधी दाराकडे बघा. दाराच्या हुकांमागे बहुधा तीन छोटे स्विच असतात, दार पूर्ण लागल्याशिवाय मॅग्नेट्रॉन चालू होऊ नये म्हणून, आणि दार उघडं आहे असं बोर्डाला वाटत असेल तर तो स्टार्ट घेतच नाही. दार उघडल्यावर आतला दिवा लागतो आणि लावल्यावर विझतो का, दार हलकं वर उचलून दाबलं की स्टार्ट चालतं का, हुकांच्या जागी खरकटं अडकलंय का, हे बघा. दार वर उचलून धरल्यावरच चालत असेल तर तसा चालवत राहू नका, ते सुरक्षेचे स्विच आहेत, आधी दुरुस्त करून घ्या.

आता ओल. आपल्याकडे, विशेषतः मुंबई, ठाणे, कोकण, गोवा, जुलै-ऑगस्टमध्ये हवा एवढी दमट असते की मीठ पाझरतं, कपडे वाळत नाहीत, मग या शीटच्या थरांमध्ये ओल शिरली तर नवल नाही. त्यात ओव्हन बहुतेक घरांत ओट्यावर, शेगडीपासून हातभर अंतरावर, कुकरची वाफ थेट पॅनलवर, फोडणीचं तेल उडतंय, आणि मग संध्याकाळी कोणीतरी काच पुसायचा स्प्रे सरळ बटणांवर मारतं, तो कडेकडेने आत जातो. चांदीच्या शाईची एक वाईट खोड आहे, दोन रेषांमध्ये ओल असली आणि त्यांवर व्होल्टेज असलं की चांदीचे कण एका रेषेकडून दुसरीकडे सरकायला लागतात, झाडाच्या फांद्या फुटतात तशा बारीक काड्या तयार होतात, आणि एक दिवस त्या पलीकडच्या रेषेला टेकतात. तिथून पुढे एक दाबलं की भलतंच लागतं. म्हणून पावसाळ्यात वेडंवाकडं वागणारा ओव्हन दिवाळीत चांगला चालतो आणि पुढच्या पावसाळ्यात पूर्ण बसतो, हे बऱ्याच जणांनी बघितलं असेल.

ओल नुकतीच आत शिरली असेल तर शीट वाचवता येते. प्लग काढा, ओव्हन कोरड्या खोलीत हलवा, पंखा लावून एक-दोन दिवस ठेवा. हेअर ड्रायर वापरायचा तर गार हवेवर, गरम हवेने शीटचा गोंद सुटतो आणि फुगे येतात. आणि आतून वाळेल म्हणून ओव्हन रिकामा चालवायचा नाही, त्याने मॅग्नेट्रॉन खराब होतो.

ओलीइतकाच मोठा त्रास झुरळांचा आहे आणि याबद्दल लोक बोलायला लाजतात, लाजण्यासारखं काही नाही, सगळ्यांकडे होतं. ती बारकी तपकिरी झुरळं असतात ना, त्यांना पॅनलच्या मागची जागा फार आवडते कारण बोर्ड चोवीस तास थोडा कोमट असतो आणि अंधार असतो. ती कनेक्टरवर घाण करतात, त्या घाणीला ओल लागली की तिथून करंट गळतो आणि पिना गंजतात. कधी डिस्प्लेच्या काचेमागे झुरळ फिरताना दिसलंच तर त्यावर काही फवारू नका, कारण फवारलेलं सगळं बोर्डावर जाऊन बसतं, ओव्हनच्या मागे आणि खाली जेल लावा आणि बोर्ड साफ करून घ्या.

काही नवीन ओव्हनना शीट नसतेच, सपाट काच असते आणि बोट टेकलं की चालतं. त्यात दाबणं नसतं, काचेमागचा सेन्सर बोटामुळे होणारा इलेक्ट्रिक बदल ओळखतो, त्यामुळे ओला हात, तेलकट थर, काचेवर जमलेली वाफ यानेच तो गोंधळतो. अशा पॅनलला स्विच बंद करून कोरड्या मऊ फडक्याने नीट पुसा आणि मग चालू करा, आणि चालू करताना काचेवर हात ठेवू नका कारण करंट आल्या आल्या हे सेन्सर स्वतःला जुळवून घेतात, त्या वेळी काचेवर पाणी किंवा बोट असेल तर तेच त्यांना नॉर्मल वाटतं. काही ओव्हनना याउलट उठावदार प्लास्टिकची बटणं असतात जी टिक करून दबतात, त्यांच्यामागे बोर्डवर चार पायांचे चिमुकले स्विच सोल्डर केलेले असतात. त्यातला एखादा गेला तर तेवढाच बदलता येतो, स्विचची किंमत काही रुपये, बाकी मेकॅनिकची मजुरी. यासाठी कोणी पूर्ण बोर्ड बदलायला सांगत असेल तर दुसऱ्याला दाखवा.

शीटवाल्या ओव्हनमध्ये मेकॅनिकने करायची खरी परीक्षा एकच आहे आणि ती त्याला स्पष्ट सांगा. टेल बोर्डावरून काढायची आणि टेल न लावता ओव्हनला करंट द्यायचा. आपोआप वाजणं थांबलं, एरर गेला, तर दोष शीटमध्ये. टेल काढूनही तेच चालू राहिलं तर दोष बोर्डात, मग बोर्डाची गोष्ट बोलायची. आणि बटण लागतच नाही असा प्रॉब्लेम असेल तर सुटलेल्या टेलच्या पिनांना मल्टीमीटर (रेझिस्टन्स म्हणजे करंटला होणारा अडथळा ओहममध्ये मोजायचं मीटर) लावून एकेक बटण दाबायचं, न दाबता काहीच रीडिंग येता कामा नये, दाबल्यावर साधारण काही दहा ते काहीशे ओहम यायला हवेत, कार्बनवाल्या शीटला जरा जास्त. एखाद्या बटणाला कितीही दाबलं तरी रीडिंगच येत नसेल, किंवा हजारोंत येऊन उड्या मारत असेल, तर ते बटण गेलं. पाच-दहा मिनिटांत उत्तर मिळतं, आणि हे न करता बोर्ड सांगणं म्हणजे नुसता अंदाज.

कधीकधी नुसती टेल साफ करूनही भागतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून पिना पुसायच्या, पूर्ण वाळू द्यायच्या, परत घट्ट खोचायची. खोडरबराने घासणारे लोक आहेत, चालतं, पण अगदी हलक्या हाताने, नाहीतर कार्बनच निघून जातो. तुटलेली रेष सोल्डरने जोडतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा, सोल्डरिंग आयर्नच्या उष्णतेत ते प्लास्टिक वितळतं. कंडक्टिव्ह पेंटने, म्हणजे करंट वाहून नेणाऱ्या रंगाने, रेष जोडता येते पण जिथे पट्टी दुमडते तिथे ते फार टिकत नाही, नवीन शीट येईपर्यंतची सोय म्हणून ठीक.

नवीन शीट घेताना पूर्ण मॉडेल नंबर हवा, ओव्हनच्या मागच्या स्टिकरवर असतो किंवा दार उघडल्यावर चौकटीवर, आणि शेवटची अक्षरं सोडू नका, कारण एकाच नावाच्या दोन मॉडेलमध्ये टेलच्या पिना वेगळ्या असू शकतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत विचारा, ऑनलाइनही मिळतात, चालू मॉडेलच्या शीट सहसा काहीशे रुपयांत येतात. जुन्या आणि नव्या शीटच्या टेलचे फोटो शेजारी ठेवून पिना मोजा, टेल कुठल्या बाजूने निघते तेही बघा. वॉरंटीत असेल तर हे काहीच करू नका, सरळ कंपनीला बोलवा. आणि वॉरंटी संपलीय, दोष शीटचा आहे हे दिसतंय, तरी फक्त पूर्ण पॅनलच मिळेल असं सांगितलं जात असेल तर सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलंय, तिथे आपल्या कंपनीची दुरुस्तीची आणि पार्टची माहिती आहे का बघा, आणि तक्रारच करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

शीट बसवताना मेकॅनिकला घाई करू देऊ नका. आधी जुना गोंद पूर्ण निघाला पाहिजे, राहिलेला गोंदाचा खडा बटणाखाली आला तर ते बटण कायम दाबलेलं राहतं. मग नवीन शीटचा मागचा कागद न काढता नुसती टेल खोचून सगळी बटणं एकदा चालवून बघायची, तुमचा तो चौकटींचा कागद समोर ठेवूनच बघा, आणि सगळ्यांवर बरोबरची खूण आली की मगच चिकटवायची, कारण एकदा चिकटवलेली शीट काढताना वळी पडते आणि मग ती परत लावण्यासारखी राहत नाही.